त्वचेच्या ओपीडीत मोजपट्टी

सोरायसिसचा पेशंट डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा त्याला दाखवायचे असतात ते कोपर, गुडघे, केसांतले खवले, फार तर नखांवरचे बारीक खड्डे. डॉक्टर ते पाहतात, कागदावर नोंद करतात, आणि मग उभे राहायला सांगून कंबरेला मोजपट्टी लावतात. बीपी घेतात. उद्या सकाळी काही न खाता रक्त देऊन या, म्हणतात. पेशंट बुचकळ्यात पडतो. काही जण चिडतातही. चट्टे अंगावर आणि हे साखर कसली बघतात? प्रश्न रास्त आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणी तो विचारला असता तर बहुतेक त्वचारोगतज्ज्ञांपाशीही त्याचे धड उत्तर नव्हते. आज आहे, निदान अर्धे तरी. हे उत्तर रक्तातल्या काही संप्रेरकांपाशी जाते आणि त्यातली बरीचशी संप्रेरके आपल्या चरबीतच तयार होतात. हे पुस्तक त्या अर्ध्या उत्तराबद्दल आहे, आणि उरलेले अर्धे अजून का हाती लागत नाही याबद्दलही.

आपल्याकडे कातडीचा कुठलाही विकार झाला की ‘रक्त खराब झालंय’ म्हणायची जुनी रीत आहे. मग रक्तशुद्धीचे काढे येतात, कडुनिंबाचा रस येतो, वांगे, दही आणि आंबट बंद होते. या पथ्याने फारसे नुकसान होत नाही. नुकसान करते ती पुडीतून मिळणारी निनावी पांढरी पावडर. तिच्यात स्टेरॉइड असले की आठ-पंधरा दिवसांत चट्टे मावळतात आणि देणाऱ्याच्या नावाचा गावभर गवगवा होतो. पण त्याच स्टेरॉइडने साखर चढते, बीपी चढते, पोट सुटते; आणि पुडी थांबली की रोग पहिल्यापेक्षा जोराने उसळतो, कधी कधी अंगभर पुवाने भरलेल्या पुळ्या घेऊन. म्हणजे सोरायसिस आणि साखर-बीपीचा बिघाड या ज्या दोन आजारांचे नाते या पुस्तकात उलगडायचे आहे, ते दोन्ही एकाच पुडीने वाढवून ठेवलेले असतात. रक्तात काही तरी चालू असते एवढा त्या जुन्या समजुतीतला भाग मात्र खरा निघाला. फक्त ती घाण नाही आणि कुठल्याही काढ्याने ती गाळून निघत नाही.

आधी रोगाविषयी थोडके. लंडनच्या रॉबर्ट विलनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे नेमके वर्णन केले आणि व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्राने १८४१ मध्ये तो कुष्ठरोगापासून कायमचा वेगळा काढला. वैद्यकशास्त्रात वेगळा काढला, असे म्हणायला हवे. लग्नाच्या बैठकीत आणि बसच्या सीटवर तो अजूनही वेगळा झालेला नाही. स्पर्शाने पसरत नाही हे आजही प्रत्येक पेशंटला शेजाऱ्यांना सांगत बसावे लागते. त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला एरवी महिनाभर लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हा प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशी कच्च्याच वर येतात, एकमेकींना धरून राहतात, त्यांचे चंदेरी पापुद्रे होतात. बराच काळ दोष त्वचेच्या पेशींचाच मानला गेला. १९५१ मध्ये अमिनोप्टेरिन हे औषध (येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवलेले, आजच्या मेथोट्रेक्सेटचे थोरले भावंड) संधिवाताच्या रुग्णांना देताना त्यांचे सोरायसिसचे चट्टे साफ होताना दिसले, तेव्हाही लोक म्हणाले, पेशींची वाढ थांबली म्हणून चट्टे गेले. १९७९ मध्ये सांध्यांच्या रोगासाठी दिलेल्या सायक्लोस्पोरिनने पुन्हा तेच घडवले. हे औषध मात्र प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींना आवरणारे होते. तिथून नजर त्वचेवरून हटून त्वचेत उतरलेल्या टी-पेशींवर गेली. आज आपण जाणतो की इंटरल्युकिन-२३, इंटरल्युकिन-१७ आणि टीएनएफ ही रसायने हा सगळा दाह पेटता ठेवतात, आणि महागडी बायोलॉजिक इंजेक्शने यांपैकीच एकेकाला अडवतात.

दाह एवढा मोठा असेल तर तो कातडीपुरता राहील कसा? हा प्रश्न आकड्यांनी विचारला. १९७८ मध्ये मॅकडोनाल्ड आणि कॅलाब्रेसी यांनी दाखवले की सोरायसिसच्या रुग्णांत रक्तवाहिन्या तुंबण्याचे प्रकार इतर त्वचारुग्णांच्या दुपटीहून अधिक आहेत. त्या लेखाकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या जोएल गेलफँड यांनी ब्रिटनमधल्या कुटुंबवैद्यांच्या नोंदी चाळल्या. सोरायसिसचे रुग्ण होते सुमारे १ लाख ३० हजार. तिशीतल्या आणि रोग तीव्र असलेल्या माणसाला हृदयविकाराच्या झटक्याची जोखीम तिप्पट निघाली. साठीत ती उतरून दीडपटीच्याही खाली येते, कारण साठीत हृदयविकाराची इतर कारणे सगळ्यांकडेच साठलेली असतात. हा वयाचा मुद्दा मला ‘तिप्पट’ या आकड्याहून महत्त्वाचा वाटतो. ज्या वयात माणूस हृदयाचा विचारही करत नाही, त्याच वयात फरक सर्वांत मोठा आहे.

आता दुसरा पक्ष, मेटाबॉलिक सिंड्रोम. १९८८ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरल्ड रीव्हन यांनी एका व्याख्यानात मांडले की साखर, बीपी, ट्रायग्लिसराइड यांची बिघाडी एकाच माणसात घोळक्याने येते आणि तिच्या मुळाशी इन्सुलिनला दाद न देणारे शरीर असते. त्यांनी त्याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. पुढे समित्या बसल्या, व्याख्या बदलत गेल्या. सध्याचा सर्वमान्य हिशेब असा की पाचांपैकी तीन खुणा हव्यात: वाढलेला कंबरेचा घेर, १५० किंवा त्यावर ट्रायग्लिसराइड, पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या खाली एचडीएल, १३०/८५ किंवा त्यावर बीपी, आणि उपाशीपोटी १०० किंवा त्यावर साखर. गंमत म्हणजे रीव्हन यांच्या मूळ मांडणीत कंबर नव्हतीच, आणि २००५ मध्ये खुद्द त्यांनीच या निदानाला मूठमाती द्यावी अशा मथळ्याचा लेख लिहिला. पाचांपैकी दोनच खुणा असलेल्या माणसाला सुखरूप समजायचे काय, हा त्यांचा सवाल होता. तो आजही बिनतोड आहे. तरी निदान टिकले, कारण मोजपट्टी, बीपीचे यंत्र आणि एक रक्तचाचणी एवढ्यावर ते करता येते.

दोन्ही पक्ष किती वेळा एकत्र येतात? ब्रिटनमध्ये ४५ ते ६५ वयाच्या चार हजारांवर सोरायसिस रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मेटाबॉलिक सिंड्रोम रुग्णांत ३४ टक्के, इतरांत २६ टक्के. पण चट्टे अंगाच्या किती भागावर आहेत त्याप्रमाणे गट पाडल्यावर पायऱ्या दिसल्या: थोडे चट्टे असतील तर शक्यता थोडी अधिक, मध्यम असतील तर आणखी, दहा टक्क्यांहून जास्त अंग व्यापले असेल तर जवळपास दुप्पट. योगायोगात अशा पायऱ्या सहसा दिसत नाहीत. भारतातही, श्रीनगरपासून चेन्नईपर्यंतच्या रुग्णालयांतून, आकडे याच दिशेचे आले आहेत.

इथवरचा भाग भराभर सांगितला, कारण तो आता वादाचा राहिलेला नाही. खरी रंगत आहे ती चरबीत.

१९९० च्या दशकापर्यंत वैद्यकाच्या विद्यार्थ्याला चरबी म्हणजे शिलकीचे कोठार असे शिकवत. जादा अन्न भरायचे, उपासाच्या दिवशी काढायचे. पण कोठार बोलत नाही, आणि चरबी बोलते असा संशय अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बार हार्बर या लहानशा गावी, जॅक्सन प्रयोगशाळेत, कधीचा आला होता. तिथे १९४९ मध्ये उंदरांचा एक वाण सापडला होता: अतोनात खाणारा, गोलमटोल. पुढे १९६६ मध्ये दुसरा सापडला, तसाच लठ्ठ, शिवाय मधुमेही. डग्लस कोलमन या जीवरसायनतज्ज्ञाने दोन दोन उंदीर शस्त्रक्रियेने कुशीला कूस जोडून शिवले, जेणेकरून एकाचे रक्त दुसऱ्यात फिरावे. मधुमेही उंदराला जोडलेल्या साध्या उंदराने अन्न सोडले आणि तो उपाशी मेला. मधुमेही उंदराला लठ्ठ उंदीर जोडला तर लठ्ठ उंदीर उपाशी मेला. साध्या उंदराला लठ्ठ उंदीर जोडला तेव्हा लठ्ठाचे खाणे कमी झाले. कोलमनने यातून तर्क केला की रक्तातून एक संदेश जातो, ‘पुरे’ असा. लठ्ठ उंदराला तो बनवता येत नाही. मधुमेही उंदीर तो भरपूर बनवतो, पण त्याला स्वतःला तो ऐकू येत नाही. या तर्काला पुराव्याची जोड मिळायला वीस वर्षे लागली. डिसेंबर १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने तो जनुक शोधून काढला. त्यापासून बनणारे संप्रेरक म्हणजे लेप्टिन, आणि ते चरबीच्या पेशीतून निघत होते.

मग आशेची लाट आली. लेप्टिनचे इंजेक्शन द्यायचे आणि माणूस सडपातळ करायचा! अमेरिकेतल्या एका औषध कंपनीने हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले. दोनच वर्षांत कळले की लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतेच, उलट खूप जास्त असते. ती माणसे मधुमेही उंदरासारखी, संदेश भरपूर आणि ऐकणारा बहिरा, अशा अवस्थेत असतात. वजन कमी करण्याचे औषध म्हणून लेप्टिन बहुतेकांच्या कामी आले नाही. मात्र १९९७ मध्ये केंब्रिजमध्ये एकाच नात्यातली दोन लठ्ठ मुले सापडली, ज्यांच्यात जन्मतःच लेप्टिन बनत नव्हते. अशा मुलांना ते दिल्यावर नुसते वजन उतरले नाही, त्यांच्या मलूल टी-पेशीही उभारी धरू लागल्या. १९९८ मध्ये लंडनच्या एका गटाने उपाशी ठेवलेल्या उंदरांत हेच पाहिले होते: उपासाने प्रतिकारशक्ती मंदावते, लेप्टिन दिले की ती परत येते. म्हणजे चरबीतून निघणारा संदेश मेंदूला भूक सांगतोच, शिवाय टी-पेशींना ‘शिधा भरपूर आहे, लढा’ असेही सांगतो.

सोरायसिस ही टी-पेशींची अनाठायी लढाई आहे हे लक्षात ठेवले तर पुढचे पान वाचकच लिहू शकेल. चरबी जास्त, लेप्टिन जास्त, टी-पेशी अधिक चेतलेल्या. २००८ मध्ये तैवानमधून अहवाल आला की सोरायसिसच्या रुग्णांत लेप्टिन वाढलेले असते आणि वजनाचा हिशेब वजा केला तरी ते वाढलेलेच राहते. नंतर अशा अनेक लहान अभ्यासांची बेरीज झाली आणि बहुतेक ठिकाणी लेप्टिन वर निघाले.

इथे एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. दुसऱ्या महायुद्धात जावा बेटावर जपान्यांच्या बंदिछावण्यांत डांबलेल्या लोकांमध्ये सायमन्स नावाचा डच त्वचारोगतज्ज्ञ होता. छावणीत उपासमार होती, आणि सोरायसिसचे जुने रुग्ण तिथे चट्ट्यांपासून मोकळे होताना त्याने पाहिले. १९४९ मध्ये त्याने ते छापले. उपासमारीने लेप्टिन घसरते हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार? लेप्टिनच मुळी ठाऊक नव्हते. आज ती नोंद वाचताना तिच्यामागे हे संप्रेरक दिसते. पण चट्टे जाण्यात उन्हाचा वाटा किती, हे त्या छावणीतून कळण्याजोगे नाही, आणि उपासमार हा उपचार नव्हे हे सांगायला नको.

लेप्टिनच्या उलट बाजूला अॅडिपोनेक्टिन आहे. तेही चरबीतूनच येते, १९९५-९६ मध्ये अमेरिका आणि जपानमध्ये जवळपास एकाच वेळी सापडले, आणि त्याचे वागणे चक्रावून टाकणारे आहे: चरबी वाढते तसे ते कमी होते. शिवाय ते रक्तात विपुल असते. लेप्टिन मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम, तर अॅडिपोनेक्टिन काही मायक्रोग्रॅम, म्हणजे हजारपट. ते इन्सुलिनचे काम सोपे करते आणि दाह शमवते. २०१५ मध्ये टोकियोच्या संशोधकांनी अॅडिपोनेक्टिन नसलेले उंदीर घेतले. त्यांच्या कातडीवर सोरायसिससारखा दाह उठवला तर तो जास्त भडकला, आणि इंटरल्युकिन-१७ मोकाट सुटले. रुग्णांच्या रक्तात अॅडिपोनेक्टिन बहुधा कमी आढळते, पण प्रत्येक अभ्यासात नव्हे.

तिसरे रेझिस्टिन. २००१ मध्ये फिलाडेल्फियात मिचेल लाझर यांच्या प्रयोगशाळेने ते उंदरांच्या चरबीपेशींत शोधले आणि मधुमेहाचे कोडे सुटले असे काही दिवस वाटले. माणसात मात्र ते मुख्यतः चरबीच्या पेशींतून येतच नाही. येते मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींतून, म्हणजे दाहाच्या शिपायांकडून. उंदरावरून माणसावर उडी मारणाऱ्यांनी हा धडा गिरवावा. सोरायसिसच्या अभ्यासकांसाठी मात्र ही बातमी उपयोगीच ठरली: फ्रँकफर्टच्या एका अभ्यासात इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे आणि रेझिस्टिन ही दोन्ही चट्ट्यांच्या तीव्रतेबरोबर वर-खाली होताना दिसली.

आणि केमेरिन. त्याची जन्मकथा मला सगळ्यांत आवडते. १९९७ मध्ये सोरायसिसवर लावायच्या टॅझारोटीन या मलमाने त्वचेतले कोणते जनुक जागे होतात हे शोधताना एक अनोळखी जनुक हाती लागला. त्याला मलमाच्या नावावरून क्रमांक दिला आणि विषय संपला. २००३ मध्ये दुसऱ्याच लोकांना, दुसऱ्याच कामात, कळले की त्यापासून बनणारे प्रथिन प्रतिकारपेशींना हाक मारून बोलावते. २००७ मध्ये तिसऱ्या गटाने दाखवले की ते चरबीतून स्रवते आणि चयापचयात हात घालते. त्वचेच्या मलमाच्या ट्यूबमधून निघालेले नाव दहा वर्षांनी पोटाच्या चरबीत सापडले. त्वचा आणि चरबी यांचे नाते शोधायला निघालेल्यांना ते आधीच त्यांच्या कपाटात होते.

या यादीत एक नाव बसते न बसते असे आहे: ड जीवनसत्त्व. नावाने जीवनसत्त्व, कामाने संप्रेरक. १९८५ मध्ये ओसाका इथे हाडे ठिसूळ झाली म्हणून एका रुग्णाला त्याचे सक्रिय रूप दिले, तर त्याचे सोरायसिसचे चट्टे निघून गेले. त्या निरीक्षणातून पुढे कॅल्सिपोट्रिऑलचे मलम आले, जे आज गल्लीतल्या औषधाच्या दुकानातही मिळते. लेप्टिन आणि त्याच्या भावंडांना आजवर असे भाग्य लाभलेले नाही.

टीएनएफचे नाव घेतल्याशिवाय ही साखळी जुळत नाही. १९९३ मध्ये, लेप्टिनच्या आदल्या वर्षी, हार्वर्डचे होतामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीतच टीएनएफ बनताना पाहिले आणि ते अडवल्यावर इन्सुलिन पुन्हा काम करू लागले. चरबीत मॅक्रोफेज घुसलेले असतात हे २००३ मध्ये कळले. म्हणजे ज्या रसायनाने चट्ट्यात आग लावली, तेच रसायन चरबीत बसून इन्सुलिनची वाट अडवते. मग टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनाने दोन्ही आजार एकदम बरे व्हायला हवेत. तसे होत नाही! चट्टे झपाट्याने जातात, पण काहींचे वजन चक्क वाढते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अॅडालिमुमॅब या अशाच इंजेक्शनाने महाधमनीच्या भिंतीतला दाह कमी केल्याचे दिसले नाही. कागदावर काढलेल्या बाणांना शरीर जुमानत नाही, ते असे.

बाणांचाच विषय निघाला तर दिशेचे काय? चट्ट्यांमुळे चरबीचा बिघाड की चरबीमुळे चट्टे? माझे मत या पुस्तकातल्या काही प्रकरणांपेक्षा थोडे कडक आहे. अमेरिकेतल्या ७८ हजारांवर परिचारिकांचा १४ वर्षे मागोवा घेतला, तेव्हा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ किंवा त्याहून जास्त असलेल्यांना सोरायसिस होण्याचे प्रमाण सडपातळांच्या अडीचपटीहून अधिक निघाले. इथे वजन आधी आले आणि चट्टे नंतर. २०१९ मध्ये ब्रिटन आणि नॉर्वेतल्या लाखो लोकांच्या जनुकांवरून हिशेब मांडला गेला: जन्मतः वजन वाढण्याकडे कल देणारे जनुक ज्यांच्याकडे, त्यांना सोरायसिस अधिक, बीएमआय एका अंकाने वाढला की शक्यता साधारण ९ टक्क्यांनी वाढते. उलट दिशेचा पुरावा फारच तोकडा. म्हणून ‘सोरायसिसमुळे मेटाबॉलिक सिंड्रोम होतो’ असे बेधडक विधान कुणी केले तर वाचकाने भुवया वर कराव्यात. रोग झाल्यावर माणूस घरात बसतो, व्यायाम सोडतो, पोहायला जायची लाज वाटते, कुणी दारूला जवळ करतो. यातून चरबी वाढते हे खरे, पण ती वाट संप्रेरकांपेक्षा समाजाच्या नजरेतून जाते.

वजन उतरवले तर? कोपनहेगनमध्ये ६० जाड रुग्णांवर चाचणी झाली. १६ आठवडे कमी उष्मांकाचे अन्न घेणाऱ्या गटाचे वजन दुसऱ्या गटापेक्षा १५ किलोंहून अधिक उतरले. चट्ट्यांची तीव्रता मोजणाऱ्या पासी निर्देशांकात, जो ० ते ७२ असा असतो, फरक पडला २ अंकांचा, आणि तोही संख्याशास्त्राच्या उंबरठ्यापाशी अडला. जगणे सुसह्य झाले का, या मोजमापात मात्र फरक स्पष्ट होता. त्याच शहरात वजन आणि साखर उतरवणाऱ्या लिराग्लुटाइडची लहानशी चाचणी झाली, मधुमेह नसलेल्या २० रुग्णांवर, आठ आठवडे; चट्ट्यांत फरक दिसला नाही. आठ आठवडे कमीच, आणि २० माणसेही कमीच. पण व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘वजन घटवा, सोरायसिस विसरा’ छापाच्या निरोपांना एवढे उत्तर पुरे आहे.

मग लेप्टिन-अॅडिपोनेक्टिनची तपासणी करून घ्यावी का? काही प्रयोगशाळा ती करतात आणि चांगले पैसे घेतात. माझे उत्तर: नको. स्त्रियांत लेप्टिन पुरुषांपेक्षा मुळातच जास्त असते, रात्री ते चढते, दोन दिवसांच्या उपासाने कोसळते. एकादशीनंतरच्या सकाळी काढलेले रक्त आणि लग्नाच्या पंगतीनंतरचे रक्त यांत निराळेच आकडे येतील. अभ्यास बहुतेक पन्नास-शंभर रुग्णांचे आहेत. गटाची सरासरी वर आहे म्हणजे समोरच्या माणसाबद्दल काही कळले असे होत नाही. उपचाराने चट्टे गेल्यावर ही संप्रेरके खाली येतात का, यावरही निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. या संप्रेरकांमुळे नाते कसे जुळते ते समजते. उपचार ठरवायला मात्र उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, बीपी आणि कंबर पुरतात.

कंबरेबद्दल महाराष्ट्रातल्या वाचकाला खास सांगायला हवे, कारण तो विषय पुण्यात शिजला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्याआधी पुण्यात जन्मलेल्या बाळांच्या नाळेतल्या रक्तावरून त्यांच्या गटाने दाखवले होते की वजनाने हलकी असलेली आपली बाळे चरबी मात्र राखून असतात आणि त्यांच्यात इन्सुलिन लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त असते. म्हणजे बीएमआय आपल्याला फसवतो. ‘मी कुठे जाड आहे’ म्हणणाऱ्या पेशंटच्या पोटात तीच चरबी बसलेली असू शकते, तोच लेप्टिनचा ओघ आणि तीच अॅडिपोनेक्टिनची चणचण घेऊन. म्हणून दक्षिण आशियातल्या लोकांसाठी कंबरेची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी आखली आहे. अमेरिकेत ती १०२ आणि ८८ होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतातल्या जवळपास ४० टक्के प्रौढांचे पोट या रेषेपलीकडे निघाले. सोरायसिसचा रुग्ण या गर्दीतलाच एक असतो, फक्त त्याला डॉक्टरांकडे जायचे निमित्त लवकर मिळते.

या पुस्तकाचा खरा उपयोग मला तिथेच दिसतो. ज्याला साखरेची भीती वाटत नाही असा पस्तिशीचा माणूस कोपरावरच्या चट्ट्यासाठी मात्र नक्की येतो. त्याच्या यकृतात चरबी साठली आहे का, तो किती दारू पितो, हे कळल्याशिवाय मेथोट्रेक्सेटसारखे जुने, स्वस्त आणि उत्तम औषध निर्धास्तपणे देता येत नाही. लठ्ठ आणि मधुमेही माणसाच्या यकृताला त्याचा त्रास अधिक होतो. महागडी इंजेक्शनेही जाड शरीरात त्याच मात्रेत कमी पडतात. म्हणजे ही आकडेमोड केवळ भविष्यातल्या हृदयविकारासाठी नाही, आज लिहायच्या चिठ्ठीसाठी आहे.

ज्यांना घाई आहे त्यांनी उंदरांची आणि जनुकांची प्रकरणे मागे ठेवून शेवटचे प्रकरण आधी उघडावे. तिथे कोणत्या तपासण्या किती महिन्यांनी करायच्या याचा तक्ता आहे, आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर काय न्यायचे तेही: जुन्या चिठ्ठ्या, आई-वडिलांच्या साखर-बीपीचा इतिहास, आणि कुठून पुडी आणून घेतली असेल तर ती पुडीसुद्धा.